दहांतले आठ

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल खरे बोलायचे नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. खोटे बोलायचीही लोकांना लाज वाटते. म्हणून मग ते विशेषणे बोलतात. नाना गेले तेव्हा सुतकातल्या घरी शेजारीपाजारी पिठलेभात आणून ठेवतात तसे येणाऱ्या प्रत्येकाने एकेक विशेषण आणून ठेवले. देवमाणूस. सात्त्विक. अजातशत्रू. आता, माझे वडील साताऱ्याच्या कोर्टात नाझर होते. लोकांच्या घरातली भांडीकुंडी जप्त करून आणणे हे त्यांचे काम. नाझर आणि अजातशत्रू ही दोन माणसे एकाच कोटात तीस वर्षे कशी राहिली, हे विचारायची सोय नव्हती, कारण सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असे. भांडी जप्त झालेल्यांच्यासुद्धा.

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवते. मला त्यातले एकही विशेषण नको होते. मला नाना हवे होते, आणि ते मिळण्यासारखे नव्हते. तेव्हा निदान त्यांच्याविषयीचे एक खरे वाक्य तरी आपल्याजवळ असावे, एवढेच मनात होते. कुणी दया म्हणून दिलेले नव्हे, तपासून घेतलेले. पुढे जे घडले ते सगळे या एका हट्टामुळे घडले. गावाने त्याला वेगळे नाव दिले, पण ते वडिलांच्या दुःखाने मुलीच्या डोक्यावर परिणाम होण्याविषयीचे असल्यामुळे इथे देत नाही.

नाना तरुणपणी हॉकी खेळत. कृष्णाकाठ हॉकी क्लबचे ते गोलकीपर होते. मी कळती होण्याआधीच त्यांनी खेळणे सोडले, आणि सोडले नसते तरी मैदानावर बायकामुलींना मज्जाव होता. म्हणून मी त्यांना खेळताना कधी पाहिले नाही. घरात त्यांनी हॉकीचा विषय काढलेला मला आठवत नाही. फक्त दाराशी कुणी आले की ते उंबऱ्यात किंचित गुडघे वाकवून, दोन्ही हात सैल सोडून उभे राहत. जप्तीच्या कामाने ती सवय लागली असावी, अशी माझी समजूत होती.

ते गेल्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे लढाई संपत आली तेव्हा, क्लबने मैदानाच्या कडेला खेळाडूंसाठी एक खोली बांधायला काढली आणि तिच्या दारावर नानांच्या नावाची काळ्या दगडाची पाटी बसवायचे ठरवले. चिटणीस नारायणराव गिजरे स्वतः घरी येऊन मसुदा वाचून गेले : 'असामान्य गोलरक्षक कै. गोपाळकृष्ण रेठरेकर यांच्या स्मरणार्थ.' कागदाच्या टंचाईमुळे मसुदा एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेला होता. ते वाचत असताना मला समोर 'चि. सौ. कां.' एवढे दिसत होते.

मसुदा तसाच मंजूर झाला असता. पण खोलीचा निम्मा खर्च सांगलीकर मंडळी देणार होती आणि त्यांच्या वतीने तासगावकर वकील समितीवर होते. सांगलीच्या संघाचा गोलकीपर जोतीराम हाही असामान्य होता, असे सांगलीचे मत. जोतीराम हा पैलवान. तो चेंडू अडवत नसे. तो तिथे असे. उरलेल्या जागेतून जो चेंडू जाईल तो जाईल. तासगावकर वकील सभेत उठले आणि म्हणाले, "विशेषण हे विधान आहे आणि विधानाला पुरावा लागतो. कै. रेठरेकर गोलरक्षक होते हे आम्हांस मान्य. ते असामान्य होते हे आकड्यांनी सिद्ध करावे. नाही तर दगडावर एक तर दोघांचं नाव येईल, नाही तर विशेषण गळेल."

सगळ्या सभेला हा उद्धटपणा वाटला. मला मात्र ते वाक्य ऐकून, नाना गेल्यापासून पहिल्यांदा, श्वास मोकळा झाल्यासारखे वाटले. मी सभेच्या दारात बायकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "आकडे मी आणते."

"तुम्ही?" गिजरे म्हणाले.

"मी गणित शिकवते."

"पण बाई, हे गणित नाही. ही हॉकी आहे."

घरी येऊन आईला सांगितले. आई रेशनच्या तांदळातले खडे वेचत होती. ती मान वर न करता म्हणाली, "त्यांनी घरात काही अडवलेलं मला तरी आठवत नाही. तुझे काका चांदीचं तबक उचलून घेऊन गेले, तेव्हा हे दार धरून उभे होते. दार उघडं राहावं म्हणून."

शेजारचे भाऊसो कुंपणावरून हे ऐकत होते. भाऊसोंचा ऊस कराडकडे, बिऱ्हाड साताऱ्यात, आणि लक्ष आमच्या घरात. ते म्हणाले, "ताई, तुमी कशाला एवढा खटाटोप करताय? आकडा मी देतो की. शंबर गोल अडवले म्हणा. कोण मोजाय गेलंय?"

"तेच तर, भाऊसो. कोण मोजायला गेलं होतं, तेच शोधायचंय."

"मग दोनशे म्हणा."

आकडे कसे आणायचे हे विचारायला मी सांगलीला गेले. तिथल्या कॉलेजात संख्याशास्त्र जाणणारे प्राध्यापक उगारकर होते. त्यांच्याकडे लोक पाऊस आणि जोंधळ्याचे भाव घेऊन येत. मेलेला गोलकीपर घेऊन कुणी आले नव्हते. ते इतके खूश झाले की वडील गेल्याबद्दल दुःख व्यक्त करायचे विसरले. त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

"किती गोल झाले, ते मला सांगू नका," ते म्हणाले. "त्याचा उपयोग नाही. पुढची फळी भक्कम असेल तर दगडाचा मारुती उभा केला तरी गोल कमी होतात. त्यांच्या रोखानं किती फटके आले आणि त्यातले किती त्यांनी अडवले, ते हवं. शेकडा किती? या भागातल्या साधारण गोलकीपरनं शंभरातले सत्तर अडवले असं धरू. तुमच्या वडिलांनी नव्वद अडवले असतील तर मी म्हणेन असामान्य. पण पुष्कळ सामने हवेत. नाणं चारदा उडवलं आणि चारदा छापा पडला, म्हणून नाणं असामान्य होत नाही."

"आणि फटके कुणी मोजलेच नसतील तर?"

"झालेला गोल सगळ्यांना आठवतो," उगारकर जरा खाली आवाजात म्हणाले. "न झालेला कुठं राहतो? तीच तर पंचाईत आहे या धंद्यात." ते गोलकीपरच्या धंद्याविषयी बोलत होते की स्वतःच्या, ते कळले नाही.

साताऱ्यात नानांबरोबर खेळलेली जी मंडळी होती त्यांना मी आधी गाठले. कुणाकडूनही आकडा मिळाला नाही. "किती फटके आले असतील?" असे विचारले की "अहो, काय सांगू, देवमाणूस!" असे उत्तर येई. थोडे खोदून विचारले की ते स्वतःच्या गोलांवर येत, आणि ते मात्र त्यांना उन्हासावलीसकट आठवत. गिजरे स्वतः मधल्या फळीत खेळत. त्यांनी मला तासभर बसवून घेतले आणि त्या तासात नाना एकदाच आले, तेही गिजऱ्यांनी सोडलेला चेंडू आणून द्यायला.

आकडा सांगणारी माणसे दोनच, असे सगळ्यांनी सांगितले. नानांच्या पुढ्यात बॅक म्हणून खेळणारा केरबा, जो पुढे पलटणीत जाऊन हवालदार झाला आणि आता माण तालुक्यात दहिवडीकडे असतो. आणि सांगलीच्या संघात आघाडीला खेळणारा पलूसचा गुंडा, ज्याने नानांवर सगळ्यांत जास्त फटके मारले.

मी दहिवडीच्या मोटारीत बसले. पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती, म्हणजे उतारावर चालत होती. वर्धनगडच्या घाटात ड्रायव्हरने सगळ्यांना खाली उतरवले. मोटार पुढे, आम्ही मागे, आणि मोटारीच्या पाठीला लावलेल्या भट्टीचा धूर आमच्या तोंडावर, अशी ती मिरवणूक वर चढली. एका म्हाताऱ्याने मला विचारले, "कोन वारलंय, ताई?" माझे तोंड पाहून विचारले की मिरवणूक पाहून, देव जाणे. मी म्हटले, "वडील." तो म्हणाला, "व्हय, ते दिसतंयच," आणि माझी पिशवी स्वतःकडे घेतली.

केरबा मेंढ्यांच्या वाघरीपाशी, म्हणजे जाळीच्या कुंपणापाशी, बसला होता. मी नाव सांगताच तो ताडकन उठून उभा राहिला आणि त्याने सलाम केला. मला नव्हे, नानांना. मग त्याने घोंगडी अंथरली.

"केरबा, मला एकच सांगा. नानांच्या रोखानं दहा फटके आले, तर त्यातले…"

मला वाक्य पुरे करू न देता तो म्हणाला, "धातलं आट घ्येतलं त्येंनी. धातलं आट! म्या म्होरं हुबा व्हतो, डोळ्यांनी बगितलंय. लिवा."

मी लिहिले. माझा हात स्थिर होता. मला त्याचा अभिमान वाटला. दहांतले आठ घेतले. म्हणजे दहांतले आठ गोल झाले. आमच्या शाळेतल्या मुली 'आपण दोन गोल घेतले' म्हणतात तेव्हा रडत असतात.

"पण मग त्यांना संघात…"

"त्येंच्याबिगर संघ व्हता का?" केरबा म्हणाला आणि त्याने डोळे पुसले. मी त्याला देवमाणूस म्हणणाऱ्यांच्या रांगेत बसवला आणि उठले. निघताना त्याची बायको मनुबाई मला ताक देत म्हणाली, "लय मोटं काळीज असंल, बाई, तुमच्या बाचं. गोळ्या अडवायच्या म्हंजी काय खायाचं काम हाय!" मी थकले होते. मी नुसती मान हलवली.

त्या होकाराची फळे आठवड्याने आली. त्या वर्षी भूमिगतांच्या धामधुमीत सातारा जिल्ह्यात गोळी हा शब्द काही हॉकीच्या अंगाने कुणी ऐकत नव्हते. माणच्या त्या गावात बातमी पसरली की साताऱ्याची कोणी बाई कागद-पेन्सिल घेऊन, कुणी किती गोळ्या अडवल्या याची मोजणी करत फिरते. पोलीस पाटलाने ती वर कळवली. आमच्या दारात एक जमादार आणि एक शिपाई येऊन उभे राहिले.

"मयतानं कोणाच्या गोळ्या अडवल्या?"

"गोळ्या नव्हे, गोल."

"गोल म्हणजे?"

मी सांगितले. दोन खांब, मधली जागा, त्यातून चेंडू जाऊ न देणे. जमादाराने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "गेला तर काय होतं?"

"एक गोल होतो."

"अन् न्हाई गेला तर?"

"काही होत नाही."

"मग मयत तिथं काय करत होता?"

हा प्रश्न मला आजही त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत खोल प्रश्न वाटतो. जमादाराने जबाबात लिहिले : 'मयत इसम काही न होण्यासाठी उभा राहत असे.' मी सही केली. भाऊसो कुंपणावरून म्हणाले, "ताई, शंबर म्हणला असता तर हे झालंच नसतं."

पलूसला गुंडाच्या गुऱ्हाळात गेले तेव्हा मी शहाणी झाले होते. गोल, गोळी, गोलकीपर, यांतला एकही शब्द न उच्चारता मी विचारले, "तुम्ही नानांवर दहा फटके मारले तर पुढं काय व्हायचं?"

गुंडा उकळत्या काहिलीकडे पाहत होता. तो म्हणाला, "मी बॅकीला चुकवून आत शिरायचो आन् हाणायचो. धापैकी आट घ्येतलं त्यांनी. खोटं कशाला सांगू? दोन न्हाईत म्हणा. आट घ्येतलं." मग माझ्या हातावर गरम गुळाचा खडा ठेवून म्हणाला, "खावा. लय चांगला माणूस."

एक पुढचा, एक समोरचा. एक मित्र, एक वैरी. दोघांचा आकडा एक. गणितात याहून चांगला पुरावा मिळत नाही. मी उगारकरांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"म्हणजे शेकडा वीस अडवले. साधारण माणूस सत्तर अडवतो." मग त्यांच्यातला शास्त्रज्ञ त्यांना आवरेना. "बाई, रागावू नका, पण हे असामान्यच आहे. सामान्यापासून इतकं दूर असणं, मग ते कुठल्याही बाजूला असो. मसुद्यात शब्द 'असामान्य' असाच आहे ना? मग पाटी बसवता येईल. मी तसा दाखला देतो."

परतीच्या गाडीत मी मिरजेपासून सातारा रोडपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत बसले. मला खरे वाक्य हवे होते, ते मिळाले होते. ते असे, की ज्या एका गोष्टीसाठी माझे वडील मैदानावर जात, ती त्यांना येत नव्हती, आणि हे माहीत असून ते वर्षानुवर्षे जात राहिले. त्यात वाईट असे काही नव्हते. पण ते कुणाला सांगण्यासारखेही नव्हते. आईने विचारले, "मिळाला का आकडा?" मी म्हटले, "अजून बेरीज व्हायची आहे." दोन पदांची बेरीज मी तीन आठवडे करत होते.

तेवढ्यात पेन्शनीच्या कामासाठी केरबा साताऱ्याला आला आणि आमच्याकडे उतरला. सोबत मनुबाईने बाजरी पाठवली होती. तो ओसरीवर बसून नानांच्या गोष्टी सांगू लागला, तेव्हा इतके दिवस धरून ठेवलेले माझ्या तोंडून सुटले. शिक्षिकेला शोभणार नाही अशा आवाजात मी म्हणाले, "दहांतले आठ घेणाऱ्या माणसाचं एवढं कौतुक कशाला, केरबा?"

"आवं, म्हंजी?" तो गोंधळला. "धातलं आट घ्येणारा दुसरा दावा की मला!"

"आठ गोल!"

"गोल कुटलं? चेंडू! आट चेंडू घ्येतलं." तो उठला आणि आपल्या छातीवर, मांडीवर, नडगीवर चापट्या मारू लागला. "हितं घ्येतलं. हितं घ्येतलं. आंगावर घ्येतलं, ताई! गोल घ्येत न्हाईत; गोल खात्यात!"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "नडगीला हळद लावून लावून माझी बोटं पिवळी असायची. मला कुणी विचारलं का?"

शेकडा वीसचे एका क्षणात शेकडा ऐंशी झाले. पण गुंडा तर समोरच्या संघाचा. तो घेतले म्हणाला ते केरबासारखे की आमच्या शाळेतल्या मुलींसारखे? मी दुसऱ्या दिवशी पलूसची वाट धरली.

गुंडाने माझी अडचण शांतपणे ऐकली. "म्हंजी बगा, मी म्हणलो आट घ्येतलं. आता एक अर्थ धरला तर ते लय भारी व्हतं, दुसरा धरला तर मी लय भारी व्हतो."

"हो. तुम्हाला कुठला अर्थ म्हणायचा होता?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा फार बारीक झाले होते असे पुढे सगळे सांगतात. तो म्हणाला, "त्यांनी आडीवलं. धाच्या धा लिवा."

"अहो, आठ म्हणाला होतात तुम्ही!"

"ऱ्हाऊ द्या, ताई. मेलेल्या माणसावर गोल कोन करंल?"

त्यापुढे सगळे माझ्या हाताबाहेर गेले. केरबाने ओसरीवर मारलेल्या चापट्या भाऊसोंनी कुंपणावरून पाहिल्या होत्या. पोरीने बापाला ऐंशी टक्के बुडवला होता आणि तो थोडक्यात वाचला, हे सातारा शहराला संध्याकाळपर्यंत कळले. ज्या मंडळींनी आधी मला एकही आकडा दिला नव्हता ती आता रस्त्यात थांबवून आकडे देऊ लागली. गिजऱ्यांना आठवले, की नानांवर त्यांच्या देखत एकही गोल झाला नाही. दुसऱ्या एकांना आठवले, की नाना डोळे मिटून अडवत. एका गृहस्थांनी शंभरांतले एकशे दहा सांगितले. जास्तीचे दहा, ते म्हणाले, सरावातले. सांगलीकडूनही निरोप आला, की खुद्द जोतीराम मरण्यापूर्वी नानांचे नाव घेत असे.

उगारकरांनी तो ढीग चाळला आणि माझ्यापुढे सरकवला. "असा गोलकीपर नसतो, बाई. हा माणूसच नाही. मी याच्यावर सही करू शकत नाही."

विशेषणे नको म्हणून मी आकडे मागायला निघाले होते. लोकांनी मला तीच विशेषणे आकड्यांत लिहून दिली होती. देवमाणूस म्हणजे शेकडा शंभर. त्या ढिगात नाना कुठे होते? होते ते केरबाच्या एका वाक्यात. पण एक साक्षीदार म्हणजे चारदा उडवलेले नाणे.

समितीची शेवटची सभा होती त्या दिवशी सकाळी मी आईजवळ बसून तांदूळ निवडत होते. काय सांगायचे ते सुचत नव्हते. आई अचानक म्हणाली, "मी एकदा पाहिलं होतं."

"काय?"

"त्यांना खेळताना. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाई हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मी कोपऱ्यावरच्या चंद्राबाईला बरोबर घेतलं आणि मैदानाच्या त्या पडक्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. संध्याकाळची वेळ. एकच फटका पाहिला. काही जोराचा नव्हता गं. लांबून, सरळ, घरंगळत आल्यासारखा. आणि हे आपले समोर बघत उभेच. चेंडू पायांमधून गेला." तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "मी तशीच परत फिरले. घरी आल्यावर हे आपणहून म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. मी म्हटलं, असेल. मी गेले होते हे त्यांना कधी सांगितलं नाही. माणसाला लाज वाटते."

त्या संध्याकाळी सभेत मला तासगावकर वकिलांनी विचारले, "आकडा?"

मी केरबाचे वाक्य सांगितले. गुंडाचे सांगितले आणि ते का धरता येत नाही तेही सांगितले. गावाचा ढीग उगारकरांनी नाकारल्याचे सांगितले. "आणखी एक साक्ष आहे. फटका एक, गोल एक. साक्षीदार माझी आई."

गिजरे मला डोळ्यांनी खुणावत होते, की हे कशाला? तासगावकर वकिलांनी पेन खाली ठेवले.

"तीस वर्षं वकिली केली," ते म्हणाले, "आपणहून आपल्याविरुद्ध पुरावा आणून देणारा पक्षकार मी पाहिला नाही. या बाईंनी हे सांगितलं, म्हणून त्या हवालदाराचं मी आता खरं धरतो. दहांतले आठ. 'असामान्य' ला सांगलीची हरकत नाही."

"मला आहे," मी म्हणाले. "ते काढा. गोलरक्षक एवढंच राहू द्या."

"अहो, आता मंजूर झालंय!" गिजरे ओरडले. "मंजूर झालेलं विशेषण परत करण्याचा कायदा नाही!" त्यावर अर्धा तास वाद झाला. विशेषण परत करण्याचा ठराव गिजऱ्यांच्या विरोधासह पास होऊन सभा संपली.

पाटी बसवली त्या दिवशी आई वर्षभरानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडली. भाषणे झाली. त्यांत नाना पुन्हा देवमाणूस झाले. माझी काही तक्रार नव्हती. पेढे वाटले जाऊ लागले तेव्हा आई जागेवर नव्हती. ती मैदानाच्या टोकाला, पडक्या भिंतीपाशी एकटी उभी होती. मी गेले.

ती समोर, पलीकडच्या गोलाच्या खांबांकडे पाहत होती. सूर्य किल्ल्याच्या बाजूला उतरला होता, त्या खांबांच्या बरोबर मागे. तिने कपाळावर हात आडवा धरला होता.

"तेव्हाही ते त्याच गोलात होते?" मी विचारले.

"तिथंच. मी इथं." तिने डोळे बारीक केले. मग म्हणाली, "चारू, ऊन तर माझ्या डोळ्यांवर येतंय."

मी वळून खांबांकडे पाहिले.

"त्यांच्या पाठीशी होतं गं," आई म्हणाली.

तिने हात खाली घेतला. दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून घेतला, समोरून कुणी आपल्याकडे टक लावून पाहत असावे तसा, आणि तिथेच उभी राहिली.